आईच्या नावाचा तक्ता

सिस्टर कॉम्प्युटरसमोर कधी बसल्या नाहीत. टेबलावर दोन विटा, विटांवर कीबोर्ड, आणि पुढ्यात त्या उभ्या. सारी नोकरी उभ्यानं लसी टोचण्यात गेली, आता बसलं की डोकंच चालत नाही म्हणायच्या. निवृत्त नर्स, साठी ओलांडलेली, आणि हौस काय, तर डेटाबेसची. मानोऱ्यात लेकरांच्या लसींच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या छोट्याशा संस्थेत मी मंगरूळपीरहून कॉम्प्युटरची पदवी मिरवत आले, तेव्हा वाटलं, या बाईंना माऊस धरायला शिकवण्यातच आपलं वर्ष जाणार. कसलं काय. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "पोरी, बॅकअप कुठी ठेवशीन?"

सॉफ्टवेअर त्यांनीच बसवलं होतं, मोबाइलवर व्हिडिओ बघून. फोन खिडकीत ठेवून नेट घ्यायचं, मधेच लाइन जायची. डाउनलोड तीनदा तुटलं, पण बाई हटल्या नाहीत. बॅकअपचा पेन ड्राइव्ह रोज पर्समधून घरी जायचा आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात राहायचा. का, तर डाळ रोज काढावी लागते, म्हणजे ड्राइव्हही रोज हाती लागतो.

इंग्रजीत प्रश्न टाइप करताना त्या तोंडानं तोच प्रश्न वऱ्हाडीत विचारायच्या. "सांग बापा, गोवरचा दुसरा डोस कोनाकोनाचा राह्यला?" आणि एंटर. नावं भराभर पडद्यावर उतरली की टाळी वाजवायच्या. मला आधी हसू यायचं. महिन्याभरात मीही टाळ्या वाजवू लागले, कारण खरंच गंमत होती हो. ज्या रजिस्टरांत एक नाव शोधायला सकाळ जायची, ती सगळी रजिस्टरं आता एका ओळीत उत्तर देत होती.

आणि ते उत्तर वेळेत यायलाच हवं होतं. दिवाळी झाली की तांड्यांवरची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, लेकरं घेऊन. एकदा ट्रक हलला की लेकरू सहा महिने हाती लागत नाही. कोणाचा डोस राहिला ही आमची यादी उपकेंद्रातल्या नर्सताईंकडे जायची आणि त्या तांड्यावर जाऊन लस द्यायच्या.

त्या वर्षी मी शहाणपणा केला. जुन्या रजिस्टरांमुळे एकेक लेकरू दोन-तीनदा भरलं गेलं होतं. मी नियम टाकला, लेकराचं नाव, बापाचं नाव, तांडा, तिन्ही सारखं असेल तर नोंद एकच. जास्तीच्या नोंदी एका झटक्यात उडवल्या आणि यादी काढून ऐटीत सिस्टरपुढे धरली.

त्यांनी बोट फिरवत यादी वाचली आणि थांबल्या. "पायल कुठी हाय? विजय राठोडची?"

"तिचे सगळे डोस झाले ना. हे बघा."

"थे दुसरी पायल. चुलतभाऊ हायेत दोघं, दोघंबी विजय. दोन्ही पोरी माह्याच हातावर झाल्या, एकाच महिन्यात. तुनं एक पायल खोडली."

त्या तांड्याचा ट्रक त्याच दुपारी निघणार होता.

सिस्टर रागावल्या नाहीत, वेळच नव्हता. नर्सताईंना फोन केला, पर्समधला ड्राइव्ह मशीनला लावला, कालचा डेटा परत चढवायला घेतला. तो चढेपर्यंत त्या पायांची बोटं आपटत होत्या. मी माझ्या नियमानं उडवलेली सगळी नावं पुन्हा काढून त्यांना वाचून दाखवली. त्यांत दोन वेगळी लेकरं एक झालेली अशी पायल एकटीच निघाली. मग स्कूटीवर दोघी, आणि रस्ता म्हणजे नुसते खड्डे.

ट्रक भरला होता. भांडी, गाठोडी, दोन शेळ्या, आणि सगळ्यात वर पायल. मुकादम म्हणाला, "बाई, टाइम नाही आता."

"मंग माह्या आंगावरून ने," सिस्टर म्हणाल्या आणि ट्रकपुढे उभ्या राहिल्या. नर्सताई पोचल्या, पायल खाली आली, डोस झाला. ती एवढी रडली आणि मी तिच्याहून जास्त. तिची आई मलाच समजावू लागली, "काहून रडता मॅडम, तिले टोचलं, तुमाले नाही."

परत आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "सरक. हा तक्ता मी करतो." आणि उभ्या उभ्या, स्वतःच्या खात्यातून, त्यांनी डेटाबेसात आयुष्यातला पहिला तक्ता बनवला, आयांच्या नावांचा. प्रत्येक लेकराची नोंद त्याच्या आईला जोडली. त्याला नाव दिलं 'आई'. त्यानंतर आमच्याकडे कुठलंच लेकरू हरवलं नाही.

गेल्या वर्षी सिस्टर लेकीकडे नाशिकला राहायला गेल्या. शेवटच्या दिवशी मुख्य खात्यातून शिरल्या. "माहं खातं काढून टाकतो. मानूस गेलं का त्याचा पासवर्डबी गेला पायजे." नियम त्यांचाच होता. त्यांनी खातं काढायचा हुकूम आणि पुढे स्वतःचं नाव टाइप केलं, शेवटी अर्धविराम दिला, एंटर दाबलं.

मशीननं नकार दिला. हे खातं काढता येत नाही, कारण 'आई' हा तक्ता यांच्या मालकीचा आहे.

"काहून नाही होऊन राह्यलं?" त्यांनी विचारलं.

मालकी दुसऱ्याच्या नावावर करायची, मग खातं निघतं. एका ओळीचं काम. मी म्हटलं, "नाही होत सिस्टर. राहू द्या."

ती ओळ मला त्यांनीच शिकवली होती. त्यांनी पडद्यावरची ओळ बोट फिरवत पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "बरं, राहू दे मंग," आणि मॉनिटर बंद केला.