खिंडीतला नारळ
नारळी पौर्णिमेला कोलशेतच्या खाडीवर सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ दिसला, की मला अजून धाप लागल्यासारखं होतं. नव्वदच्या दशकातल्या एका ऑगस्टमध्ये आम्ही दोघं मित्र सुट्टी काढून मनालीच्या वरच्या खिंडीत सायकलने चढत होतो. तो कोलशेतचा कोळी. सणाला घरी नसणार, तर जिथे असशील तिथे दर्याला नारळ दे, असं बजावून त्याच्या आईने सोनेरी कागदातला नारळ त्याच्या सॅकमध्ये कोंबलेला. चार पायडल मारली की छाती फुटायची, कानशिलं ठणकायची; ढग केव्हाच खाली दरीत राहिलेले. "टाक ना रे तो! इथे कुठला आलाय समुद्र?" मी वैतागून ओरडलो. तो पायडल मारत राहिला. माथ्यावर पोचलो तर चहूबाजूंनी पांढरी शिखरं, आणि इतकी शांतता की स्वतःच्या छातीतली धडधड ऐकू यावी. बर्फाखालून निघालेला एक ओढा खळखळत दरीत उतरत होता. त्याने बूट काढले, त्या गारठ्यात अनवाणी उभा राहिला आणि हात जोडले. "ह्ये पानी पन शेवटी आपल्याच दर्यात जातं ना रे?" मी शाळेतला नकाशा आठवला. बियास, सतलज, सिंधू, अरबी समुद्र. "जातं," म्हणालो, आणि माझेही बूट काढले. त्याने पाण्यात सोडलेला नारळ दगडाला अडकला, गरगरला, सुटला आणि वळणाआड गेला. आजही खाडीत तरंगत येणारा नारळ मी वाकून बघतो. तो खिंडीतला नसणार, हे कळतं. तरी बघतो.