शेपटीत अडकलेलं औषध

आकडे बघितले आणि मी किंचाळलेच. "अरे देवा, हे काय?" गाठीच्या नळीत जवळजवळ काहीच नव्हतं!

नाशिकच्या आमच्या प्रयोगशाळेत कॅन्सरची गाठ असलेल्या उंदरांना अँटिबॉडी टोचतात. गाठ ओळखून तिला चिकटणारं प्रथिन ते. त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं असतं, म्हणजे औषध कुठं कुठं गेलं याचा माग लागतो. दोन दिवसांनी उंदीर मारायचा, रक्त, यकृत, मूत्रपिंडं, गाठ वेगवेगळ्या नळ्यांत घालायची आणि यंत्रात किरण मोजायचे.

सिन्नरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला तसलीच गाठ होती. केमो चालू होती. रोज तिचा फोन. "पोचलं का गं तुझं औषध गाठीत?" पोचेल की, न पोचून जातंय कुठं, म्हणायचे मी.

आणि आता हे. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी निकालच लावला, "अँटिबॉडीच फुसकी. बंद करा हे काम." माझं डोकंच फिरलं. महिनोन्‌महिने राबायचं आम्ही, आणि यांनी उभ्या उभ्या मोडीत काढायचं?

"सर, मग टोचलेलं औषध गेलं कुठं? यकृतातही नाही, रक्तातही नाही. शेपट्या मोजू या."

"शेपटी कोण मोजतं?"

"मी मोजते!"

इंजेक्शन शेपटीच्या शिरेत देतात. थंडीत ती शीर आखडते, म्हणून आधी दिव्याखाली ऊब द्यायची असते. त्या खेपेला टोचलं होतं सरांनी; नाशिकचा कडाका आणि त्यांना घाई, दिवा लावलाच नव्हता. कचऱ्याच्या डब्यातून मी शेपट्या काढल्या, यंत्रात ठेवल्या आणि आकडा सरांपुढे धरला. सगळा माल शेपटीत! सुई शिरेत गेलीच नव्हती.

पुढच्या खेपेला शेपट्यांना ऊब देऊन मी स्वतः टोचलं. सगळ्यात मोठा आकडा गाठीचा आला. मला रडूच फुटलं. तशीच जिन्यात गेले आणि फोन लावला.

"ताई, पोचलं! गाठीतच गेलं!"

"लय भारी! मग मला कधी देतेस?"

"अगं, हे उंदरांवर चाललंय. माणसांपर्यंत यायला कितीतरी वर्षं लागतील."



"वर्षं?" ती म्हणाली. "अगं बाई, मी तर मागच्या केमोला गेलेच नाय. डॉक्टरला सांगून टाकलं, आता नको. माझ्या बहिणीचं औषध येतंय."

जिना उतरता उतरताच ओरडले, "ताई, कपडे बदल, फाईल काढून ठेव, केमोला जायचंय, मी निघालेच!"