माहेरचं ब्लँकेट

उचललेलं पोतं मध्येच खाली ठेवायचं नाही. मार्केट यार्डात दशरथनं हमालीची उभी हयात काढली ती या एका नियमावर. ठेवलं की पुन्हा उचलायला दुप्पट जोर लागतो, आणि मागचा गडी खोळंबतो तो वेगळाच. कांदा असो, गूळ असो, गाडीवरून पाठीवर घेतलं की गाळ्यातच उतरवायचं. हमाली सुटली तरी नियम अंगातून गेला नाही. मेथी निवडायला बसला तरी जुडी संपल्याशिवाय तो उठत नसे.

ब्लँकेटचा घोळ झाला तो यामुळेच.

ब्लँकेट त्याच्या बायकोचं, सत्यशीलाचं. लेकीला, श्रद्धाला, दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच तिनं रविवार पेठेतून पिवळी लोकर आणून क्रोशाला सुरुवात केली होती. अर्धं विणून झालं आणि स्वारगेटला फूटपाथच्या कडेवरून तिचा पाय सरकला. उजवं मनगट मोडलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं होतं, ते राहिलं. एका हातानं बाळंतिणीचं कोण करणार? श्रद्धा येरवड्याला सासरीच राहिली. मुलगी झाली, बारशाचा दिवस ठरला. आता माहेरचं म्हणून बाळाच्या अंगावर पडणार होतं ते हे ब्लँकेटच. आणि ते अर्धं.

"विकतचं घेऊ," सत्यशीला म्हणाली. म्हणताना तिचा डावा हात मात्र त्या अर्ध्या ब्लँकेटवरून हलेना. दशरथनं ते पाहिलं.

"मला दाखव," तो म्हणाला.

"अहो, हे क्रोशाचं काम आहे."

"मग? आकडा लावून पोती ओढण्यात जन्म गेला माझा." त्यानं सुई उचलून तिचं वाकडं टोक निरखलं. "ही त्या आकड्याचीच पोरगी."

नमुना खरंच सोपा होता. ओळभर नुसते खांब. सुईवर एक वेढा घ्यायचा, खालच्या टाक्यात सुई घालून धागा ओढून आणायचा, मग सुईवरचे वेढे दोन-दोन करत सोडवायचे. एक खांब उभा. ओळ संपली की तीन साखळ्या घालून वळायचं. सत्यशीला तोंडानं सांगायची, डाव्या बोटानं दाखवायची. आधी टाके सुटले, धागा गुंतला, सुई बोटात घुसली. दशरथ उठला नाही. संध्याकाळपर्यंत खांब उभे राहायला लागले.

हात मात्र हमालाचा. प्रत्येक टाका तो असा आवळायचा, जणू पोत्याचं तोंड शिवतोय.

"सैल, अहो, सैल."

"सैल काम टिकत नाही."

"बाळाला पांघरायचंय. त्यात गूळ नाही भरायचा."

तो हसला. हात काही हसला नाही.

दुसरी चूक तिच्याही नजरेतून निसटली. वळताना घातलेल्या त्या तीन साखळ्या म्हणजेच ओळीचा पहिला खांब. परत येताना शेवटचा खांब त्यांच्या डोक्यावर घालायचा असतो. दशरथला ती नुसती कड वाटली. तो अलीकडूनच वळायचा. दर ओळीला एक खांब कमी. ब्लँकेट मांडीवर गोळा होऊन पडलेलं, त्यामुळे बसल्या जागी कोणाला दिसलं नाही.

एका सकाळी त्यानंच ते पलंगावर पसरलं. खालचा सत्यशीलाचा भाग चौरस, मऊ. वरचा त्याचा भाग दोन्हीकडून आत येत गेलेला, आणि ताठ. त्यानं थोडा वेळ पाहिलं. मग घडी घातली, सुई उचलली आणि पुढची ओळ धरली. मध्येच ठेवायचं नाही.

दुपारी सत्यशीलानं घडी उलगडली.

"हे पांघरूण होतंय की टोपरं?"

"पुढे रुंद करून घेतो."

"तुम्हाला कळलं होतं?"

दशरथनं सुई लोकरीच्या गुंड्यात खोचली.

"कळलं होतं, आणि तरी विणत राहिलात?"

"एवढं केलेलं उसवायचं? अर्ध्या वाटेत पोतं टाकायचं?"

"आणि चुकीच्या गाळ्यात उतरवलं तर?" तिनं विचारलं. "तेव्हा काय करायचात?"

याला उत्तर एकच होतं आणि ते यार्डातला प्रत्येक हमाल जाणतो. पुन्हा पाठीवर घ्यायचं आणि योग्य गाळ्यात न्यायचं. कुरकुर करायची नाही. चूक आपली, खेपही आपली.

"नवी लोकर आणू का?" त्यानं शेवटचा प्रयत्न केला.

"नव्या मालात हाच पिवळा येत नाही. तुकडा लावल्यासारखं दिसेल."

दशरथनं धाग्याचं टोक धरलं आणि ओढलं. एवढ्या दिवसांचं काम चहा निवायच्या आत गेलं. सुटलेली लोकर कुरळी झाली होती. सत्यशीलानं ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळायला लावली, ओल्या हातानं पुसून वाळू दिली. धागा सरळ झाला.

"आता जाड सुई आणा," ती म्हणाली. "आवळलंत तरी टाका मोठाच पडेल."

"म्हणजे लबाडीच की."

"डोक्यावर चुंबळ घेऊन ओझं वाहायचात, ती लबाडी होती का?"

तो चपला घालून निघाला.

जाड सुईनं खांब मोकळे पडू लागले. वळणाच्या साखळ्यांवर तो दर वेळी लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवू लागला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. यार्डात वेगळ्या मालाच्या पोत्याला खुणेची सुतळी बांधायचे, तसंच हे. परत येताना गाठ दिसली की शेवटचा खांब तिथे. गाठ काढायची, वळायचं, पुन्हा बांधायची. बारशाच्या आदल्या दुपारी शेवटचा टाका पडला. दशरथनं ब्लँकेट चारी कोपऱ्यांना ताणून पाहिलं आणि मगच सत्यशीलाच्या हाती दिलं.

येरवड्याला श्रद्धानं लेकीला त्यात गुंडाळून पाळण्यात ठेवलं. विहीणबाईंनी सत्यशीलाच्या प्लास्टरकडे पाहिलं, मग ब्लँकेटकडे.

"हात मोडलेला, आणि एवढं केलंत कसं?"

"मजूर ठेवला होता."

"बरा मिळाला हो. कुठला?"

"मार्केट यार्डचा. आवळतो जरा, पण सांगितलं की ऐकतो."

"सांगितल्यावर नाही," दशरथ मागून म्हणाला. "उसवल्यावर."

बायका हसल्या. सत्यशीलाचा डावा हात ब्लँकेटवरून फिरत गेला, मध्यावर, तिचे टाके संपून त्याचे सुरू होत होते त्या ओळीशी थांबला. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग हात वर सरकवत तिनं बाळाच्या खांद्यापर्यंत पांघरूण नीट केलं. दशरथ बघत होता ती कड. ती सरळ होती.