गोड बोलणाऱ्यांची चाळणी

कुणी कितीही हुशारीचा नियम लिहून आणला, तरी वंदना कांबळे आधी एवढंच विचारायच्या, "यात माणसं किती सापडतात?"

हडपसरच्या आमच्या कंपनीत त्या सर्व्हर सांभाळत. परदेशी गेलेल्या मराठी माणसांसाठी आम्ही इंटरनेटवर गप्पांचा एक कट्टा चालवायचो. इतक्या लांब जाऊन ही मंडळी तिथे एकमेकांना विचारत, "जेवलात का?" माहिती तंत्रज्ञानाची क्रांती म्हणतात ती हीच.

पुढे कट्ट्यावर बॉट घुसले. म्हणजे माणसाचं नाव लावून जाहिराती ओतणारे प्रोग्रॅम. त्यांना पकडायला रेग्युलर एक्स्प्रेशन लिहितात. तो मजकुराचा साचा असतो. त्यात बसेल ते वाक्य लिहिणारा आपोआप बाहेर. बाई नवा साचा लावण्याआधी वर्षभराच्या जुन्या गप्पा त्यातून गाळायच्या आणि कोण अडकलं ते वाचत बसायच्या.

"कचरा कुणालाही ओळखता येतो, साहेब. त्यात धान्य गेलंय का, ते बघायला बसावं लागतं."

मी विभागप्रमुख. मला बसणं फक्त मीटिंगमध्ये जमे.

एका जानेवारीत बाई रजेवर असताना कट्ट्यावर नवी जाहिरात धो धो वाहू लागली : "एकटे आहात? या नंबरवर गोड आवाजात बोला." मी स्वतः साचा लिहिला. आधी काहीही, मग 'गोड', मग काहीही, मग 'बोला'. जुन्या गप्पा वगैरे गाळत बसलो नाही. जाहिरात बंद झाली आणि मी स्वतःच्या बुद्धीला चहा पाजला.

मग संक्रांत आली. जगभरच्या मराठी माणसांनी "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला" असं लिहिलं आणि माझ्या साच्याने वयाचा मान न ठेवता एकेकाला हाकलून दिलं. सणाच्या दिवशी कट्ट्यावर मराठी माणूस उरला नाही. एक बॉट मात्र सुखरूप होता. त्याची जाहिरात इंग्रजीत होती.

"कुणाचं काम हे?" संचालकांनी विचारलं.

"कांबळेबाईंचं. रजेवर जाताना लावून गेल्या."

दुसऱ्या दिवशी बाई हजर झाल्या. त्यांना माझ्यासमोरच बोलावलं गेलं.

"सर, कुणी काय लिहिलं ते सर्व्हरवर नोंदलेलं असतं," त्या म्हणाल्या. "आत्ता दाखवते."

"राहू द्या," संचालक म्हणाले. "कळतं आम्हाला."

आमच्याकडे सगळं गुणवत्तेवर चाले, असं आम्ही अभिमानाने सांगत असू. फक्त कांबळे आडनावाची गुणवत्ता तपासून पाहायची गरज कुणाला भासत नसे. बाईंचं नाव घेताना मला हे पक्कं ठाऊक होतं. तो साचा माझा होता. हे मी त्या खोलीत बोललो नाही, आणि नंतरही कुठे बोललो नाही.

त्यांच्याकडून राजीनामा घेतला. तो दिल्यावरही त्या थोडा वेळ आपल्या मशीनवर बसल्या होत्या. मग माझ्या केबिनमध्ये आल्या.

"तुमचा साचा बदललाय, साहेब. माणसं परत आत यायला लागलीत. मी निघते."

"जाताना दार लावून घ्या," मी म्हणालो. एसी चालू होता.