मडगार्डावरचे खड्डे

आमच्या बदलापूरच्या घराची मागची पडवी अकरा फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद होती. त्यातली सात फूट मी बांबू आणि जाड प्लॅस्टिक लावून बंद केली. वर ताडपत्री, भिंतीत भोक पाडून बसवलेला बारा इंची एक्झॉस्ट पंखा, आणि धूळ उडू नये म्हणून रोज पाणी मारून ओली ठेवलेली फरशी. तिथे मी मोटारींचे मडगार्ड रंगवत असे. बायको त्या जागेला 'तुमची मोरी' म्हणायची.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी सोळा वर्षं पेंट शॉपमध्ये तपासनीस होतो. माझं काम रंग मारण्याचं नव्हतं, मारलेला रंग पास किंवा नापास करण्याचं होतं. कारखान्याला टाळं लागलं आणि ते निघालं नाही. अकरा महिने आम्ही वाट पाहिली. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. चार ठिकाणी नोकरी विचारली. चारही ठिकाणी माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणसाने नाव लिहून घेतलं आणि पुढे काही कळवलं नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एक सिंधी शेठ गाड्यांचे पत्र्याचे भाग नव्याने ठोकून विकायचा. त्याला रंगवून देणारा माणूस हवा होता. त्याने चोवीस मडगार्ड दिले आणि एक महिना. दोनापेक्षा जास्त नग खराब निघाले तर विषय संपला. जमलं तर दर महिन्याला माल. माझी जुनी नोकरी ऐकून तो हसला.

"साईं, आजपर्यंत दुसऱ्याचं काम रिजेक्ट केलं. आता आपलं पास करून दाखवा."

मला दुसरं काही येत नव्हतं, आणि हेही मी पाहून शिकलेलो होतो. ते चोवीस नग म्हणजे मी अजून कामाचा आहे की नाही याची परीक्षा होती.

कॉम्प्रेसर नवा घेणं शक्य नव्हतं. कॅम्प दोनच्याच भंगारातून फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर आणला आणि त्याला ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी जोडली. असं तेव्हा बरेच जण करत. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं आणि ते हवेबरोबर बाहेर येऊ शकतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी पाइपमध्ये कापूस भरलेली बाटली बसवली. शिवाय कारखान्यात पाळी सुरू होताना करायचो ती चाचणी रोज सकाळी करायचो. रंग फवारायच्या गनमध्ये रंग न भरता नुसती हवा एक मिनिट पांढऱ्या कागदावर सोडायची. कागदावर डाग नाही, म्हणजे हवा स्वच्छ. रोज कागद कोरा निघायचा. मी वहीत 'हवा ठीक' लिहायचो आणि कामाला लागायचो.

पहिले चार नग रंगवून होतायत तोच मुलगी दवाखान्यातून घरी आली. तिचं पहिलं बाळंतपण. मुलगी झाली होती, दोन किलो सहाशे ग्रॅम. सव्वा महिना ती माहेरी राहणार, बाळाचं नाव आमच्याच घरी, बुद्धाच्या मूर्तीसमोर त्रिसरण-पंचशील म्हणून झाल्यावर ठेवायचं, हे आधीच ठरलं होतं. तिची खाट मधल्या खोलीत टाकली. खाटेपासून माझ्या प्लॅस्टिकपर्यंत अंतर तेरा फूट, मध्ये एक भिंत आणि एक खिडकी. खिडकीला मी आतून प्लॅस्टिक ठोकलं. थिनरच्या घरात निखारे पेटवणं धोक्याचं, म्हणून बाळाची धुरी संध्याकाळी, मी काम बंद केल्यावर दोन तासांनी द्यायची असा नियम केला. सगळ्यांनी पाळला.

बाळ-बाळंतिणीला तेल लावायला एक बाई यायची. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरून चालत यायची, साडेनऊच्या ठोक्याला. विहिरीवरून पाणी तीच शेंदून आणायची, पळीत तेल गरम करायची आणि तासभर दोघींना रगडायची. घरभर ओवा घातलेल्या तेलाचा वास पसरायचा.

त्याच आठवड्यात खड्डे दिसायला लागले. ओल्या रंगात टाचणीच्या डोक्याएवढे गोल खड्डे पडायचे, तळाशी खालचा प्रायमर दिसायचा. रंगाला तेल लागलं की असं होतं. रंग तिथून मागे सरतो आणि कितीही वेळा मारला तरी ती जागा धरत नाही. खरवडून, घासून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मी नऊला सुरू करायचो. पहिला नग चांगला यायचा. दहानंतरच्या नगावर अकरा, सतरा, तेवीस असे खड्डे. मी ते खडूने चौकोन आखून मोजले आणि वेळेसकट वहीत लिहिले. पाच दिवसांचा हिशोब समोर होता: बाई साडेनऊला येते, तेल तापतं, दहापासून खड्डे.

चार नग शेठला दाखवायला नेले होते, त्यातल्या एकावर मी घासूनही खुणा राहिल्या होत्या. त्याने मडगार्ड उन्हाकडे धरला.

"याला देवी आल्या होत्या का हो?"

दुकानातली माणसं हसली. मीही हसलो.

घरी येऊन मी पद्धतशीर शोध सुरू केला. पंखा पडवीतली हवा बाहेर फेकतो, म्हणजे तेवढीच हवा घरातून आत ओढली जाते, आणि तिच्याबरोबर तेलाची वाफ. मी दाराच्या फटी कागदाने बुजवल्या. तरी एकोणीस खड्डे. मग तेल लावणं पुढच्या खोलीत नेलं. तरी सव्वीस. मग बाई दोन दिवस आली नाही, तिच्या पाड्यावर कोणी वारलं होतं. बायकोने बाळाला नुसतीच अंघोळ घातली, तेल नाही. पाणी मी शेंदून आणलं. त्या दोन दिवसांत मिळून खड्डे चार. तिसऱ्या दिवशी बाई आली आणि एका नगावर एकवीस.

एवढ्या पुराव्यावर मी कारखान्यात कुठलाही माल नापास केला असता.

मी वही बायकोला दाखवली. तिने पाहिली नाही. ती म्हणाली की खोकल्याचं काही लिहिलंय का त्यात. बाळ आठवडाभर सकाळी खोकत होतं. ते मला माहीत होतं, मी ऐकत होतो. पण वहीत नव्हतं. तेल लावणारी बाई दारातच होती. तिला सगळं ऐकू गेलं.

"तुमचे पतऱ्याला तेल सोसं ना, नि पोरीला तो वास सोसं ना," ती म्हणाली. "दोघांतलं येक ऱ्हाईल हितं."

ते खरंच होतं. दहा दिवस उरले होते आणि चौदा नग बाकी होते. मुलीचं सासर वांगणीला, फार लांब नव्हतं. मी तिला जेवण झाल्यावर सांगितलं. बाळाच्या खोकल्याचं कारण पुढे करता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण मला आडून बोलता येत नाही. मी म्हटलं की तेलामुळे रंग खराब होतोय, काम हातचं जाईल, राहिलेले दिवस तिकडे काढता येतील का.

ती बाळाला पाजत होती. तिने पदर सारखा केला.

"किती खड्डे आले बाबा, माझ्यामुळे?"

मी बेरीज सांगितली. एकशे सदतीस. मी ती सांगायला नको होती, पण तिने विचारलं आणि मला आकडा पाठ होता.

"बरं," ती म्हणाली.

बाळंतपणाच्या सतराव्या दिवशी जावई येऊन दोघींना घेऊन गेला. त्याने सामान उचललं. बायकोने डिंकाचे लाडू बांधून दिले. मी घर धुतलं. सोड्याच्या गरम पाण्याने फरशी दोनदा, भिंती हात पोहोचेल तिथपर्यंत, दोऱ्या, खुंट्या, कडी-कोयंडे. खाटेची पट्टी सोडून उकळली. घरात तेलाचा थेंब राहिला नाही. बायकोने त्या दिवशी भाजीलाही तेल घातलं नाही. रागाने की मदत म्हणून, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला चाचणी घेतली. कागद कोरा. पहिला नग स्वच्छ आला. दुसऱ्यावर नऊ खड्डे. तिसऱ्यावर एकतीस.

मी स्टुलावर बसलो. पंखा चालू होता. मग मी गनमधला रंग काढला, ती थिनरने धुतली, पुसली आणि पुन्हा पांढऱ्या कागदावर नुसती हवा सोडली. सव्वादहा वाजले होते, कॉम्प्रेसर सव्वा तास चालू होता. कागदावर बारीक पिवळे ठिपके उमटले. बोट फिरवलं तर तेल. कॉम्प्रेसरला हात लावला तर हात ठेववत नव्हता. बाटलीतला कापूस तेलाने निथळत होता.

थंड असताना तो तेल टाकत नव्हता, तापल्यावर टाकत होता. माझी चाचणी मात्र रोज तो थंड असतानाच होत होती, कारण कारखान्यात ती पाळीच्या सुरुवातीला घ्यायची पद्धत होती. तिथला कॉम्प्रेसर खोलीएवढा होता आणि त्याला तेल गाळायची वेगळी सोय होती. आणि बाई आली नाही त्या दोन दिवसांत पाणी शेंदायला मीच जात होतो. प्रत्येक खेपेला कॉम्प्रेसर बंद करून जायचो, अर्धा-अर्धा तास. त्याला थंड व्हायला तेवढा वेळ मिळायचा. मुलगी येण्याआधीचे चार नग तर मी दिवसाला एकच मारला होता, तो तापायच्या आत काम संपायचं. हे सगळं वहीत होतं. काम थांबवल्याच्या वेळासुद्धा मी लिहिल्या होत्या. मी फक्त तेलाच्या रकान्याकडे पाहिलं.

नऊ दिवसांत चौदा नग, प्रत्येकाला तीन-चार थर, आणि वीस मिनिटं काम, चाळीस मिनिटं कॉम्प्रेसरला विश्रांती. ते बसत नव्हतं. शेवटी सतरा बरे झाले. शेठने मोजले, बाजूला ठेवले, आणि वाईट न बोलता सांगितलं की त्याने शहाडचा एक माणूस बघितला आहे. चहा मात्र पाजला.

मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जा वांगणीला आणि हेच तिला सांगा. घेऊन या परत."

मी गेलो. बाळ ओसरीवर पाटावर होतं, मुलीची सासू त्याला तेल लावत होती. अर्धा तास बसलो. बाळ एकदाही खोकलं नाही. घड्याळ माझ्यासमोरच होतं. सासूबाई म्हणाल्या, नाव आता इथेच ठेवू, पोरीची पुन्हा हलवाहलव नको. मला नाही म्हणायला जागा नव्हती. बाळाच्या दृष्टीने तेच बरं होतं, आणि ते पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

मुलगी मला सोडायला रस्त्यापर्यंत आली.

"बाबा, थांबले का खड्डे?"

नाही म्हटलं असतं तर मी तिला उगाच घालवलं हे तिला कळलं असतं. होय म्हटलं तर निदान कशासाठी तरी घालवलं असं तिला वाटलं असतं. त्या वेळी मला हा दुसरा पर्याय तिच्यासाठी कमी वाईट वाटला. आज तसं वाटत नाही.

"थांबले," मी म्हणालो.

तिला बरं वाटलेलं दिसलं. काम मिळालं ना, असं तिने विचारलं, आणि मी त्यालाही मान हलवली.

पुढे मी एका गोदामात मालाची नोंद ठेवायच्या कामाला लागलो. पडवीतलं प्लॅस्टिक काढलं, पंखा विकला. भिंतीतलं भोक विटांनी बुजवलं, त्याचा गोल अजून दिसतो. काम का सुटलं याचं काहीतरी कारण तिला सांगितलं, आता आठवत नाही. दुसऱ्या बाळंतपणाला ती माहेरी आली नाही. दवाखाना तिकडून जवळ पडतो म्हणाली.

ती वर्षातून चार-पाच वेळा येते, दिवसभर राहते. तिचे केस तिच्या आईसारखे दाट आहेत आणि एरवी ती त्यांना भरपूर तेल लावते, मी तिकडे गेलो की पाहतो. आमच्याकडे येताना मात्र ती डोक्यावरून पाणी घेऊन, केस कोरडे करून येते. बायकोने एकदा तेलाची बाटली घेऊन तिला समोर बसवलं. ती म्हणाली, नको आई, इथे नको. मी तिथेच होतो. पेपर वाचत होतो.