एक अक्षर, पुढे टिंब

पहिल्याच तासाला सरांनी हजेरी घेताना तिच्या नवऱ्याचं नाव पुकारलं आणि सुईताईने दचकून दाराकडे पाहिलं.

त्याचं घर सोडून आठ वर्षं झाली होती, कोर्टाचा फारकतीचा कागद हातात येऊनही पाच. मधे अख्खा समुद्र होता. तरी तिला वाटलं, की हा माणूस इथेही येऊन पोचला की काय. सरांनी पुन्हा तेच नाव घेतलं, या खेपेला आधी 'मिस' जोडून, आणि सगळा वर्ग आपल्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. हाक तिलाच होती. तिने हात वर केला. आपण दुसऱ्या कुणाची तरी हजेरी लावतोय असं तिला वाटलं, आणि ते काही फारसं खोटं नव्हतं.

चूक तिच्याच हाताची होती. शाळेत पाटीवर गिरवल्यापासून हात एकाच वळणाने चालत आला होता : आधी आडनाव, मग आपलं नाव, मग बापाचं, लग्न झालं की बापाला उठवून तिथे नवरा. पासपोर्ट तर नवऱ्यानेच काढून आणलेला, त्यातही हाच क्रम. विद्यापीठाच्या अर्जात तीन रकाने दिसले, तिने ते तसेच भरून टाकले. इकडच्या लोकांच्या लेखी मात्र पहिलं नाव ओळखीतल्यांनी हाक मारायचं आणि शेवटचं मान देऊन बोलायचं. झालं. वर्गातली पोरं तिला सासरच्या आडनावाने हाका मारू लागली, शिक्षक नवऱ्याच्या नावाने, आणि मधलं, म्हणजे तिचं स्वतःचं, कुणाच्याच उपयोगाचं उरलं नाही. संगणकाने ते छाटून एका अक्षरावर आणलं आणि पुढे टिंब दिलं.

गावाकडे तिला नावाने हाक मारणारं तसंही कुणी नव्हतं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये चौदा वर्षं ती लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढत आली. किंचाळणारं लेकरू असो की शिरा पार हरवून बसलेली म्हातारी, ती न बघता नुसत्या बोटाने शीर शोधायची आणि एकाच टोचण्यात काम उरकायची. म्हणून ती सगळ्यांची सुईताई. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी मागे लागून तिच्याकडून हा अर्ज भरून घेतला, शिष्यवृत्ती मिळाली, आणि एकोणचाळिसाव्या वर्षी ती तिच्या निम्म्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर येऊन बसली.

पहिले काही महिने तिचे फार वाईट गेले. खोली एवढी अरुंद की पलंग आणि टेबल यांच्यामधून आडवं होऊन जावं लागे. खिडकी चार बोटं उघडायची, त्यापुढे नाही. रविवारी ती खोली खायला उठे. शिक्षक बोलत ते शब्द कळत, पण वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचं वाक्य अंगावर येई. आणि जिथे जावं तिथे तो. खोलीच्या दारावरच्या पट्टीवर तो. टपालाच्या खणावर तो. सामायिक स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा ठरलेला, त्यावर नावाची चिठ्ठी, आणि तिच्या दुधाची बाटली नवऱ्याच्या नावाखाली उभी. ज्याच्या दारातून एका पिशवीनिशी बाहेर पडली, त्याच्याच नावाच्या दारातून ती आता रोज आत-बाहेर करत होती. तिला राग येई, पण अभ्यासाचं ओझं असं होतं की राग धरायलाही सवड नव्हती. फ्रिजवरची चिठ्ठी तेवढी तिने फाडली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी इमानदारीने तीच पुन्हा छापून लावली.

हळूहळू ती रुळली. प्रयोगशाळेत सुया टोचायचा सराव आला तेव्हा तर बाकीच्यांचे हात लटपटत होते आणि हिने मार्गदर्शक बाईंच्या दंडातून रक्त काढून सुई बाजूला ठेवली तरी बाई विचारत होत्या, "कधी टोचणार?" त्या दिवसापासून मुलं तिच्या टेबलाभोवती जमायला लागली. दुसऱ्या वर्षी, उन्हात पडून राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यांचे आकडे कसे आणि किती बिघडतात यावर तिने केलेलं काम विद्यापीठाच्या फलकावर लागलं. तिचा फोटो, खाली ठळक अक्षरांत नाव. म्हणजे त्याचंच.

भावाने कौतुकाने त्या फलकाचं चित्र चार नातेवाइकांना पाठवलं. ते फिरत फिरत नळ-पाइपच्या एका दुकानात पोचलं. ते दुकान कुणाचं, हे सांगायला नको.

"चौकट करून गल्ल्यामागे लावलंय," आई फोनवर म्हणाली. "येईल त्याला दाखवतोय. म्हणतोय, परदेशात नाव काढलं."

"माझा फोटो लावलाय त्याने दुकानात?"

"फोटो कापलाय गं. नुसतं नाव ठेवलंय."

सुईताई फोन ठेवून पलंगावर बसली. घर सोडलं त्या दिवशी तो दारात उभा राहून म्हणाला होता, "माझं नाव लावतेस म्हणून चार माणसं विचारतात. ते काढून घेतलं तर कुत्रं ओळखायचं नाही." तेव्हा ती पिशवी उचलून चालू लागली होती. आता तिला दिसलं, की तिने दीड वर्षं रक्त आटवून जे केलं ते सगळं नेऊन तिने त्याच्याच पदरात घातलं होतं, आणि सहा महिन्यांनी पदवीचा कागद येईल तोही त्याच्याच नावाचा येईल. तिचं काय, एक अक्षर आणि एक टिंब. ती उठली, तोंड धुतलं आणि विद्यापीठाच्या कचेरीत गेली.

खिडकीमागचा कारकून चष्मा दोरीने गळ्यात अडकवणारा, सभ्य माणूस होता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"नाव पासपोर्टप्रमाणेच राहतं," तो म्हणाला. "आणि बाई, सगळीकडे हेच नाव गेलंय. गुणपत्रिका, फलक, तुमचा लेख. आता कशाला हात लावता?"

"मी चौदा वर्षं रक्त काढलंय," सुईताई म्हणाली. "आमच्याकडे नळीवर चुकीचं नाव गेलं, तर रक्त कितीही चांगलं असलं तरी ती नळी ओतून देतात. मग माणसाला परत बोलावतात आणि पुन्हा टोचतात. असू दे, चालेल, असं कुणी म्हणत नाही."

कारकुनाने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पडद्यावर काहीतरी पाहिलं. पदव्यांची यादी छपाईला जायला अकरा आठवडे होते. तोवर नवा पासपोर्ट आणला तर नाव बदलेल. पण नवा हवा म्हणजे जुना वकिलातीत जमा करावा लागणार, आणि वेळेत परत आला नाही तर ओळख पटवणारा कागदच नाही म्हणून पदवी पुढच्या वर्षावर जाणार. इथल्या इस्पितळाच्या लॅबमधली जागा तिला पदवीच्या अटीवर कबूल झाली होती. ती जागा वर्षभर कुणी तिच्यासाठी अडवून ठेवणार नव्हतं. मार्गदर्शक बाईंनीही तेच सांगितलं, की आधी पदवी घे, नोकरीला लाग, नाव काय, मग सावकाश बदल. त्यांचं काही चुकत नव्हतं. सुईताईने त्यांचे आभार मानले आणि वकिलातीचा अर्ज मागवला.

अर्जाला कोर्टाचा निकाल जोडायचा होता. तो भावाच्या कपाटात.

"कशाला उकरून काढतेस?" भाऊ म्हणाला. "इथे अर्ध्या लोकांना माहीतही नाही. नावाला का होईना, नवरा आहे असं वाटतंय ना सगळ्यांना? राहू दे की."

"नावालाच होता तो. आता नावालाही नको."

"लोक नावं ठेवतील गं. तुझं ठीक आहे, तू तिकडे. ऐकायचं आम्हाला." आणि त्याने फोन ठेवला.

चार दिवस त्याने फोन उचलला नाही. त्या चार दिवसांत सुईताई दोनदा रडली, एकदा तर प्रयोगशाळेतल्या बेसिनपाशी उभी राहून, नळ सोडून. परक्या मुलखात एकटं असणं म्हणजे काय ते तिला तेव्हा खरं कळलं. भांडायचं आहे तो हजारो मैलांवर, आणि ज्याच्या जोरावर भांडायचं तो फोन उचलत नाही. पाचव्या दिवशी सकाळी आईचा फोन आला.

"कागद कसला आहे ते सांग. मला वाचता कुठे येतंय."

"गोल निळा शिक्का आहे त्याच्यावर. पण कपाट तर दादाचं आहे ना?"

"कपाट त्याचं, किल्ली माझ्या कमरेला. त्याला सांगूनच काढतेय, चोरून नाही." मागे भावाचा आवाज येत होता, लोक काय म्हणतील ते चाललं होतं. आईने फोन तोंडापासून दूरही धरला नाही. "ठेवू देत लोकांना नावं. हिचं पहिलं नाव मी ठेवलंय, आणि चांगलं ठेवलंय. ते कुठे हरवलं ते शोधतेय पोर."

निळ्या शिक्क्याचा कागद आठव्या दिवशी पोचला. त्याच्याबरोबर आईने विजेची दोन बिलंही घातली होती, निळे शिक्के त्यांच्यावरही होते म्हणून. पासपोर्ट वकिलातीत गेला आणि सुईताई बिनकागदाची राहिली. सात आठवडे ती रोज टपालाचा खण उघडून बघत होती. खणावर अजून तोच होता. आठव्या आठवड्यात इस्पितळाच्या लॅबवाल्यांनी विचारलं, पदवीचं नक्की ना. तिने सांगितलं, नक्की. सांगून ती पुन्हा टपालाचा खण बघायला गेली.

यादी छपाईला जायला तीन दिवस उरले असताना पाकीट आलं. ते न फोडताच ती कचेरीत गेली आणि खिडकीपाशी उभी राहून फोडलं.

कारकुनाने चष्मा चढवून पासपोर्ट उलटसुलट पाहिला. "यात एकच नाव आहे."

"हो. तेवढंच मागितलं मी."

"आडनावाचा रकाना मोकळा आहे बाई. आमच्याकडे शेवटचं नाव लागतंच. मोकळा ठेवला तर यंत्र पुढे जात नाही." तो खरोखरच अडचणीत पडला होता. "वडिलांचं आडनाव लिहू?"

वडील आता नव्हते. तिने घर सोडलं ते तिसऱ्या खेपेला. आधीच्या दोन्ही वेळी त्यांनीच तिला हाताला धरून परत त्या दारात नेऊन उभं केलं होतं, "आता हेच तुझं घर" म्हणून.

"नको," सुईताई म्हणाली. "पहिल्या रकान्यात काय लिहिलंत?"

"तुमचं नाव."

"मग शेवटच्यातही तेच लिहा."

"दोन्हीकडे तेच?"

"दोन्हीकडे तेच. पूर्ण लिहा, टिंब नको."

त्याने लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं आणि अक्षरं बरोबर आहेत का म्हणून पडदा तिच्याकडे वळवला. तिने एकेक अक्षर तपासलं, नळीवरची चिठ्ठी तपासावी तसं. मग त्याचं बोट मधल्या रकान्यावर थांबलं.

"आणि इथे?"

"मधे कुणी नको," ती म्हणाली.