मिकच्या वाटणीची अंडी

दोन हजार एकवीसच्या संक्रांतीला सकाळीच कुशलने दारात सडा घातला. बार्शीहून आईने फोनवर बजावलं होतं, "शेण नसेल तर नुसतं पाणी शिंपड, पण सणाचं दार कोरडं ठेवू नको." शेणाला तोटा नव्हता, परदेशातल्या कासलबारजवळच्या त्या आडगावात माणसांपेक्षा गाई जास्त. पण घर भाड्याचं, म्हणून नुसतं पाणी. तेही हात आखडता न घेता, बादलीभर. बाहेर पारा शून्याखाली होता, हे या कॉम्प्युटरमधल्या द्विपदवीधराला ठाऊक होतं. थंडीत पाण्याचं काय होतं, हेही शाळेत शिकवलं होतं. दोन्हींची गाठ मात्र डोक्यात न पडता पायरीवर पडली.

तो रांगोळीसाठी तांदळाचं पीठ शोधायला आत वळला आणि बाहेर धप्पकन आवाज झाला.

शेजारची नोरीन मोरन फरशीवर बसली होती. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई. चुकून तिच्याकडे आलेलं त्याचं पार्सल द्यायला ती वाकडी वाट करून आली होती. मनगट भलतीकडेच वळलं होतं आणि मांडीवर सहा अंड्यांचा बलक.

"कुशल," ती दात आवळून म्हणाली, "दारात काच बसवलीस का रे?"

अंडी मिकची होती. मिक तिचा नवरा. सगळं विसरायला लागला तसा दोन वर्षांपूर्वी त्याला कासलबारपलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं होतं. माणसं विसरला, तरी अंडं घरच्या कोंबडीचं की दुकानातलं, हे पहिल्या घासाला ओळखायचा. दुकानातलं असलं की बशी सरकवायचा. म्हणून दर गुरुवारी नोरीन त्याचाच जुना पिकअप काढून अंडी पोचवायची. करोनामुळे आत सोडत नव्हते. अंडी दारात देऊन ती खिडकीच्या काचेवर हात टेकायची. कधी मिक आतून हात लावायचा. कधी भिकाऱ्याला म्हणावं तसं 'पुढे जा' अशी खूण करायचा.

"आज मला हाकललं," परत आल्यावर ती हसून सांगायची. ते हसू ऐकवायचं नाही.

आता तिचा हात गळ्यात होता. पुढच्या आठवड्यात बर्फ पडला आणि वृद्धाश्रमातून फोन आला: मिकचं काही खरं नाही, एका माणसाला आत सोडू, लगेच या. टॅक्सीवाल्याने गावच्या चढाला यायला साफ नकार दिला. नोरीन एका हातात किल्ली, काखेत अंड्यांचा खोका घेऊन कुशलच्या दारात आली. पायरीवर पाय ठेवण्याआधी तिने बुटाने चाचपून पाहिलं.

"नोरीन, मी एवढी मोठी गाडी कधी..."

"मी एवढं मोठं प्लास्टर कधी घातलं होतं? चल."

आधी तिने वाळूची पोती चढवायला लावली. "मागे रिकामी गाडी बर्फात नाचते. चाकांच्या बरोबर वर ठेव." मग दुसऱ्या गिअरवर गाडी हलवायला सांगितली. खोका मांडीवर घेतला. "पायाखाली अंडं आहे असं समज. झटका द्यायचा नाही, दाबायचं नाही. तुला अंडी फोडायचा सराव आहे, माहितेय मला."

झाडांच्या सावलीतल्या वळणावर मागची चाकं सरकली. कुशलने घाबरून ब्रेक दाबला. पिकअप आडवा व्हायला लागला.

"ब्रेक सोड! जायचंय तिकडे बघ!"

त्याने पाय उचलला, स्टिअरिंग हळूच सावरलं. गाडी सरळ झाली. "ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे झकास. पण खोक्यावरची बोटं पांढरी पडली होती.

मोठ्या रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकलेलं होतं. रस्ता काळा, ओला दिसत होता. तेव्हा नोरीन पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "आता थोडं जोरात घे ना."

पुढे पूल होता. पूल आधी गोठतो, हे तिनेच निघताना सांगितलं होतं.

"नको, नोरीन."

पुलावर खरंच बर्फ होता की नुसतंच पाणी, ते कुशलला कळलं नाही. इतक्या सावकाश गाडी नेली, की कळायचं कारणच पडलं नाही.

वृद्धाश्रमाच्या दारात मास्क लावलेली नर्स उभी होती. ती पुढे झाली आणि तिने नोरीनचा चांगला हात धरला. "आत्ताच गेले हो."

नोरीनने खोका उघडून पाहिला. "एकही फुटलं नाही," ती कुशलला म्हणाली. ते कौतुक होतं की बोल लावणं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. खोका त्याच्या हातात देऊन ती आत गेली.

अंत्यविधीला चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती. बाकी गाव रस्त्याच्या कडेला लांब-लांब उभं राहिलं, तसा कुशलही आपल्या फाटकाशी उभा राहिला. पायरीवर त्याने इतकं मीठ टाकलं होतं की लोणचं घालावं. शवपेटीची गाडी नोरीनच्या घरासमोर क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

उन्हाळ्यात एकदा तो डझनभर अंडी घेऊन तिच्याकडे गेला. तिने एक उकडलं, घास घेतला आणि बशी सरकवली.

"दुकानातली," ती म्हणाली. "मिकची सहा फोडलीस, ती राहिलीत तुझ्याकडे."

कुशलकडे कोंबडी नाही. घरमालक पाळू देत नाही. नोरीन दर गुरुवारी कुंपणापाशी येऊन विचारते, आणि तो दर गुरुवारी म्हणतो, "देतो ना."